शालेय फुटबॉलमधील पंच : अधिकाराचे स्वरूप आणि त्याची कसोटी

१. प्रश्नाचे स्वरूप

खेळात निवाडा करणाऱ्यास मराठीत 'पंच' म्हणण्याची रूढी आहे. हा शब्द क्रीडांगणावर जन्मलेला नाही. तो गावच्या पारावरून तेथे आला. पारावरचे पंच शब्दार्थाने पाच, दोन्ही पक्षांना मान्य आणि बहुधा वयाने वडील असावयाचे. 'पाचामुखी परमेश्वर' या म्हणीने त्यांच्या एकमुखी निर्णयाला प्रामाण्य दिले होते. फुटबॉलचा पंच या तिन्ही बाबतींत वेगळा पडतो. मुख्य निर्णय त्याने एकट्याने द्यावयाचा असतो. त्याची निवड खेळणाऱ्या संघांनी केलेली नसते. आणि मुलांच्या सामन्यांत तर तो पुष्कळदा स्वतःच अल्पवयीन असतो. अमेरिकेच्या सॉकर महासंघाच्या प्राथमिक श्रेणीतील पंचासाठी किमान वय १३ वर्षे ठरविण्यात आले आहे. इंग्लंडमध्ये ते १४ वर्षे आहे. तेव्हा तेराचौदा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलांच्या खेळाचा निवाडा करावयाचा, आणि तो चाळिशीतील पालकांनी व प्रशिक्षकांनी मान्य करावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

ही व्यवस्था कोणत्या बळावर उभी राहते आणि कोठे कमकुवत ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विवेचनासाठी मुख्यतः अमेरिकेतील शालेय व कुमार फुटबॉलचे उदाहरण घेतले आहे. तेथे 'फुटबॉल' हे नाव दुसऱ्याच एका खेळाकडे गेलेले असल्यामुळे या खेळास 'सॉकर' म्हणतात. या देशाची निवड करण्याचे कारण असे की, तेथील उच्च माध्यमिक शाळांच्या सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावलीहून निराळे, स्वतंत्र नियमपुस्तक आहे. त्यामुळे प्रौढांचा खेळ आणि विद्यार्थ्यांचा खेळ यांत पंचाकडून केली जाणारी अपेक्षा कशी बदलते, हे तेथे लेखी स्वरूपात पडताळून पाहता येते.

२. दाद मागण्यापासून स्वयंनिर्णयापर्यंत

इंग्लंडमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशनने जे पहिले नियम तयार केले, त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियमभंग करणार नाहीत आणि वाद झालाच तर दोन्ही कर्णधार आपसांत मिटवतील, असे त्यामागचे गृहीत होते. स्पर्धा वाढल्या तसे हे गृहीत टिकेनासे झाले. मग प्रत्येक संघाने आपापला एक अंपायर द्यावयाचा आणि त्या दोघांत मतभेद झाल्यास मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडे वाद सोपवावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. 'रेफ्री' या शब्दाचा मूळ अर्थच 'ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो' असा आहे. या पद्धतीत खेळाडूने दाद मागितल्यावाचून निर्णय होत नसे. क्रिकेटमध्ये ही रीत अद्याप जिवंत आहे. क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याखेरीज तेथे पंच फलंदाजास बाद ठरवीत नाही.

१८९१ साली या रचनेत मूलगामी बदल झाला. बाहेर बसणारा रेफ्री मैदानात आला, आणि दोन्ही अंपायर बाजूरेषेवर जाऊन रेषापंच बनले. पेनल्टी किकचा नियमही त्याच वर्षीचा. पुढे त्याच दशकात खेळाडूने दाद मागण्याची अटही गळून पडली, आणि पंचाने जे पाहिले त्यावर त्याने आपण होऊन शिट्टी वाजवावी हे तत्त्व प्रस्थापित झाले. रेषापंचांना 'साहाय्यक पंच' हे नाव १९९६ साली मिळाले. तथापि त्यांच्या कामाचे स्वरूप सल्लागाराचे आहे, ही गोष्ट १८९१ पासूनच निश्चित झाली होती.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. क्रिकेटमधील पंचाचा अधिकार प्रश्नातून उत्पन्न होतो. फुटबॉलमधील पंचाचा अधिकार दर्शनातून उत्पन्न होतो. पहिल्याकडे विचारणा येते आणि मग तो बोलतो. दुसऱ्याला कोणी विचारलेले नसताना, धावता धावता, क्षणार्धात आणि पुष्कळदा दोन्ही पक्षांच्या इच्छेविरुद्ध बोलावे लागते. न मागितलेला निर्णय स्वीकारणे मनुष्यस्वभावाला जड जाते, आणि फुटबॉलच्या पंचाच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

३. शालेय नियमपुस्तकाची दृष्टी

अमेरिकेतील शालेय क्रीडास्पर्धांची शिखरसंस्था 'नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स' ही १९२० साली स्थापन झाली. तिने प्रसिद्ध केलेले सॉकरचे नियम बहुसंख्य राज्यांच्या शालेय संघटना स्वीकारतात. आंतरराष्ट्रीय नियमावलीशी त्यांची तुलना केली असता चार भेद विशेष महत्त्वाचे वाटतात.

पहिला भेद वेळेचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वेळ मोजणे हे मुख्य पंचाचे काम आहे; वाया गेलेल्या वेळेची भर किती घालावयाची हे तोच ठरवितो. शालेय सामना प्रत्येकी ४० मिनिटांच्या दोन भागांत खेळला जातो, आणि सोय असेल तेथे अधिकृत वेळ सर्वांना दिसणाऱ्या फलकावर उलट क्रमाने मोजली जाते. गोल झाला, पेनल्टी किक दिली गेली, कार्ड दाखविले गेले किंवा दुखापतीसाठी पंचाने खूण केली की घड्याळ थांबते. वेळेचा हिशेब उघड झाल्यामुळे पंचाच्या विवेकाधीन राहणारी, आणि म्हणून संशयास जागा देणारी, एक मोठी बाब कमी होते.

दुसरा भेद पंचांच्या संख्येचा व रचनेचा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत 'कर्णपद्धती' चालते. इंग्लंडचे स्टॅन्ली राऊस यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत मुख्य पंच मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरप्या मार्गाने धावतो, आणि उरलेल्या दोन बाजूंना साहाय्यक पंच राहतात. त्यामुळे चेंडू बहुधा मुख्य पंच व एक साहाय्यक यांच्या मध्ये राहतो व दोन दिशांनी पाहिला जातो. शालेय नियमांना ही पद्धती मान्य आहेच. त्याशिवाय दोन समान अधिकाराच्या पंचांची आणि तीन समान अधिकाराच्या पंचांची अशा आणखी दोन पद्धती त्यांना चालतात. दोन पंचांच्या पद्धतीत प्रत्येकाकडे शिट्टी असते. चेंडू ज्या गोलाकडे चालला असेल त्या बाजूचा पंच पुढे राहून ऑफसाइडची रेषा पाहतो व दुसरा मागून येतो. मनुष्यबळ अपुरे असता ही पद्धती सोयीची पडते. परंतु एकाने जो धक्का सोडून दिला तोच दुसऱ्याने फाऊल ठरविला, असे घडण्याचा धोका तीत कायम असतो. एकोणिसाव्या शतकातील दोन अंपायरांची आठवण येथे होते. फरक इतकाच की, आजचे दोघेही तटस्थ असतात आणि त्यांच्यावर तिसरा कोणी नसतो.

तिसरा भेद शिक्षेच्या हेतूत दिसतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू खेळत राहतो. शालेय सामन्यात त्याला मैदान सोडावे लागते. मात्र त्याच्या जागी दुसरा खेळाडू येऊ शकतो, आणि पुढील योग्य संधी मिळताच तोही परत येऊ शकतो. संघाचे बळ घटत नाही, पण रागावलेल्या मुलाला काही मिनिटे बाजूस बसणे भाग पडते. दंडापेक्षा शांत होण्यास अवकाश देणे हा येथील उद्देश उघड आहे. प्रशिक्षकास कार्ड दाखविण्याची तरतूदही शालेय नियमांत आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या पुष्कळ आधी आली. आंतरराष्ट्रीय नियमांनी ती २०१९ साली स्वीकारली. अल्पवयीन खेळाडूंच्या वर्तनाचा उगम पुष्कळदा संघाच्या बाकावर असतो, ही जाणीव शाळांना आधी झाली, असा याचा अर्थ होतो.

चौथा भेद सर्वांत गंभीर आहे. डोक्यास मार बसल्यावर मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे ज्या खेळाडूत दिसतील, त्याला तत्काळ बाहेर काढावे आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीने अनुमती दिल्याखेरीज परत येऊ देऊ नये, असा नियम या महासंघाने २०१० साली केला. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने या विषयावर कायदा केला होता. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तसे कायदे झाले. या नियमाने पंचाला वैद्य बनविलेले नाही. निदान करणे हे त्याचे काम नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणे, असंबद्ध उत्तर ही लक्षणे ओळखून खेळ थांबविणे व खेळाडूस बाहेर पाठविणे एवढेच त्याचे काम आहे. परंतु खेळू इच्छिणारा मुलगा, त्याची गरज असलेला प्रशिक्षक आणि गॅलरीतील पालक या सर्वांच्या इच्छेविरुद्ध हा निर्णय त्याला घ्यावा लागतो. चुकीच्या फाऊलमुळे एखादा सामना हातचा जाईल. येथे चूक झाली तर मुलाच्या जिवावर बेतू शकते.

४. लहान गटांतील बदललेला खेळ

शाळेच्या संघात येण्यापूर्वीची मुले क्लबांमधून खेळतात, आणि तेथे तर मूळ खेळच बदलून घेतलेला आढळतो. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने २०१७ पासून लागू केलेल्या मानकांप्रमाणे आठ वर्षांखालील गटांत दोन्ही बाजूंना चार-चार, दहा वर्षांखालील गटात सात-सात आणि बारा वर्षांखालील गटात नऊ-नऊ खेळाडू असतात. मैदान, गोल व चेंडू त्या मानाने लहान असतात. सात-सातच्या खेळात मध्यरेषा व पेनल्टी क्षेत्र यांच्या मध्ये प्रत्येक बाजूस एक जादा रेषा आखतात. गोलरक्षकाने चेंडू हातात घेतला की प्रतिपक्षाने या रेषेमागे जावयाचे असते, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून देण्याऐवजी जवळच्या साथीदाराकडे देण्याची सवय मुलांना लागते. गोलरक्षकाने हातातील चेंडू उंच लाथाडल्यास प्रतिपक्षास अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. ऑफसाइडही या रेषेपलीकडेच धरला जातो.

या महासंघाने नोव्हेंबर २०१५ मध्ये दहा वर्षांच्या व त्याहून लहान मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास बंदी केली, आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या सरावात त्यावर मर्यादा घातली. बंदी असलेल्या गटात मुलाने जाणूनबुजून चेंडू डोक्याने मारल्यास खेळ थांबवून अप्रत्यक्ष फ्री किक द्यावयाची असते. प्रौढांच्या खेळात जे कौशल्य म्हणून वाखाणले जाते, त्यालाच येथे पंचाने शिट्टी वाजवावयाची असते. बाहेरून पाहणाऱ्यास हा निर्णय अज्ञानाचा वाटण्याचा संभव पुष्कळ. दूरचित्रवाणीवर पाहिलेला खेळ हेच त्याचे नियमपुस्तक असते. किंबहुना पालकांच्या आरडाओरड्याचा बराच भाग हा दोन नियमावल्यांमधील अंतराचा परिणाम असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

५. विवेकाची कक्षा

आंतरराष्ट्रीय नियमावलीचा पाचवा नियम सांगतो की, पंचाने नियम आणि खेळाचा आत्मा या दोहोंस अनुसरून, आपल्या मतानुसार निर्णय द्यावा. खेळातील वस्तुस्थितीविषयीचा त्याचा निर्णय अंतिम असतो. 'खेळाचा आत्मा' ही पदावली मुलांच्या सामन्यात अधिक अर्थपूर्ण ठरते. 'ॲडव्हान्टेज'चे उदाहरण घेता येईल. फाऊल झाला तरी अन्याय झालेल्या संघाचाच फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवावा, आणि तो फायदा काही सेकंदांत प्रत्यक्षात न आल्यास मागे जाऊन फ्री किक द्यावी, असे हे तत्त्व आहे. प्रौढ खेळाडू धक्का खाऊनही तोल सावरतो व चेंडू पुढे नेतो. त्यामुळे शिट्टी न वाजविणे हे तेथे कौशल्याचे लक्षण समजतात. अकरा वर्षांचे मूल धक्का खाऊन सावरते तेव्हा चेंडू बहुधा त्याच्यापासून दूर गेलेला असतो, आणि मनात राग मात्र शिल्लक राहतो. दोन मिनिटांनी त्याच रागाचा फाऊल होतो. यास्तव या वयात लवकर वाजलेली शिट्टी पुष्कळदा अधिक न्याय्य ठरते.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. थ्रो-इन घेताना पाय उचलला गेला तर चेंडू प्रतिपक्षास द्यावा, असे नियम सांगतो. अगदी लहान गटांत पुष्कळ ठिकाणी चूक समजावून सांगून तोच थ्रो-इन पुन्हा घेऊ देतात. पंच येथे क्षणभर शिक्षक होतो. परंतु ही सवलत एका संघास दिली व दुसऱ्यास नाकारली, तर ती पक्षपात होते. तेव्हा विवेक म्हणजे मनास येईल तसा निर्णय नव्हे. वय, कौशल्य व सुरक्षितता यांचे एकच माप दोन्ही बाजूंना सारखे लावणे, हा त्याचा खरा अर्थ होय.

निर्णय मान्य होण्यासाठी आणखी एक गोष्ट कामास येते, ती म्हणजे पंच घटनेच्या किती जवळ होता. तीस यार्डांवरून दिलेला अचूक निर्णयही संशयास्पद वाटतो. दहा यार्डांवरून दिलेला शंकास्पद निर्णयही सहसा स्वीकारला जातो. ज्याच्या अधिकाराला वयाचा आधार नाही, त्या तरुण पंचाला म्हणूनच पायांचा आधार शोधावा लागतो.

६. रेषेबाहेरचा आवाज

बाहेरील आवाजाचा पंचाच्या निर्णयावर परिणाम होतो काय, या प्रश्नाचा अभ्यास नेव्हिल, बामर व विल्यम्स या संशोधकांनी केला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ४० पात्रताधारक पंचांना एका इंग्लिश लीग सामन्याच्या चित्रफितीतील ४७ झटापटी दाखविल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. हा परिणाम सूक्ष्म विचारास पात्र आहे. गोंगाटाने पंच पाहुण्या संघाविरुद्ध कठोर झाले नाहीत. यजमानांविरुद्ध निर्णय देताना ते कचरले. आवाज पंचाला खोटे बोलावयास लावीत नाही, गप्प बसावयास लावतो.

हे निष्कर्ष अनुभवी प्रौढांचे आहेत. ते तसेच्या तसे चौदा वर्षांच्या मुलाला लागू करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पण मुलांच्या सामन्यात प्रेक्षक हजारो नसून तीसचाळीसच असतात, ते बाजूरेषेपासून दोनतीन यार्डांवर उभे असतात, आणि त्यांचा प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे ऐकू येतो, ही परिस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. १८९० च्या दशकात नियमांनी खेळाडूची जी अपील रद्द केली, ती येथे रेषेबाहेरून परत आलेली दिसते. फरक असा की, पूर्वी दाद मागणारा निदान खेळातला पक्षकार होता. आजचा अपीलकर्ता ना खेळाडू आहे, ना कर्णधार; आणि त्याच्या अपिलास उत्तर देण्याची कोणतीही रीत नियमांत नाही.

याचे टोक कोठवर जाते हे दोन घटनांवरून दिसते. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलंड्समधील आल्मेरे येथे मुलांच्या सामन्यानंतर स्वयंसेवक म्हणून रेषापंचाचे काम करणाऱ्या एका पालकास प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी मारहाण केली, व दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात पिवळे कार्ड दाखविल्यावर १७ वर्षांच्या खेळाडूने पंचाच्या चेहऱ्यावर ठोसा मारला. तो पंच आठवड्याने मरण पावला. अशा घटना अपवादात्मक होत. नित्याची हानी निराळी व मूक आहे. अमेरिकेच्या शालेय महासंघाने नमूद केल्याप्रमाणे २०१८-१९ च्या हंगामानंतरच्या काही वर्षांत सर्व खेळ मिळून सुमारे ५०,००० व्यक्तींनी शालेय पंचाचे काम सोडले. यात महामारीचा वाटा होताच. तथापि प्रेक्षकांचे, पालकांचे व प्रशिक्षकांचे वर्तन हे प्रमुख कारणांपैकी एक म्हणून सातत्याने पुढे आले आहे. पंच न मिळाल्यामुळे सामना रद्द होतो, तेव्हा गोंगाट करणाऱ्यांचे मूलही घरी बसते.

७. उपायांची दिशा

या परिस्थितीवर जे उपाय योजले गेले, त्यांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग आवाज रोखण्याचा. इंग्लंडमध्ये २००८ च्या 'रिस्पेक्ट' मोहिमेने प्रेक्षकांसाठी बाजूरेषेपासून दूर वेगळी मर्यादारेषा आखण्याची प्रथा पाडली. काही ठिकाणी पालकांनी संपूर्ण मौन पाळावयाचे दिवस ठरवितात; काही ठिकाणी अल्पवयीन पंचाच्या दंडावर रंगीत पट्टी बांधतात, म्हणजे आपण एका मुलावर ओरडत आहोत हे ओरडणाऱ्यास दिसावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या मिडल्सब्रो भागात प्रौढांच्या स्थानिक सामन्यांत पंचांच्या छातीवर कॅमेरा लावण्याचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने मार्च २०२५ पासून पंचांच्या छळाविरुद्ध नवे धोरण अमलात आणले.

दुसरा वर्ग अधिक मार्मिक आहे, कारण तो आवाजाला वाट करून देतो. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूस ठरावीक काळ बाहेर बसविण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१७ साली कुमार व स्थानिक फुटबॉलसाठी दिली. इंग्लंडमध्ये ३१ लीगमध्ये तिचा प्रयोग झाला तेव्हा हुज्जतीच्या प्रकारांत ३८ टक्के घट झाल्याचे तेथील असोसिएशनने जाहीर केले, आणि २०१९ पासून ही पद्धत स्थानिक फुटबॉलमध्ये सर्वत्र लागू झाली. पुढे २०२४ मध्ये, महत्त्वाच्या प्रसंगी पंचाशी केवळ कर्णधाराने बोलावे, ही मार्गदर्शक तत्त्वे आली. शालेय सामन्यात या दुसऱ्या तरतुदीचे मोल मोठे आहे. तिने संवाद बंद केला नाही. बोलण्याचा हक्क एका ओळखता येणाऱ्या, जबाबदार मुलाकडे सोपविला. १८६३ च्या नियमकर्त्यांना कर्णधारांकडून जी अपेक्षा होती, ती शतकाहून अधिक काळाने निराळ्या मार्गाने परत आली आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, शालेय व कुमार फुटबॉलच्या नियमांनी निकालापेक्षा सुरक्षिततेला व शिक्षणाला अग्रस्थान दिले असून, त्यांच्या पालनाचा भार पंचाच्या विवेकावर टाकला आहे. उघडे घड्याळ, तात्पुरती माघार, डोक्याच्या दुखापतीबाबतची सक्ती या तरतुदी त्या विवेकाला आधार देतात. परंतु हे सर्व आधार रेषेच्या आतले आहेत. ज्या पंचाला गाठून त्याचा विवेक डळमळीत करता येतो तो आवाज रेषेबाहेरचा आहे, आणि तेथे नियमपुस्तकाचा अंमल पातळ होत जातो.

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांना या क्षेत्रात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. अल्पवयीन पंच पहिल्या हंगामात कोणत्या प्रकारचे निर्णय टाळतो, आणि दुसऱ्या हंगामास तो कोणत्या परिस्थितीत परत येतो, हे दोन प्रश्न साध्या नोंदवहीने व सामन्यानंतरच्या मुलाखतींनीही हाताळता येण्याजोगे आहेत. गावच्या पारावरील पंचांच्या पाठीशी सगळा गाव उभा असे; म्हणूनच त्यांच्या मुखी परमेश्वर आहे असे मानले जाई. शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन एकट्या उभ्या असलेल्या मुलाच्या पाठीशी कोण आहे, याचे उत्तर रेषेबाहेर उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांनीच द्यावयाचे आहे.